खोकणाऱ्यांच्या वावरातली सोजरमावशी

माझ्या खोकल्याला पहिल्यांदा कुणी मान दिला असेल तर सोजरमावशीनं. त्याआधी तीन वर्षं तो आमच्या घरात नुसता चेष्टेचा विषय होता. चौसाळ्याला माझी पिठाची गिरणी. त्यामुळे पहिलं वर्ष सगळ्यांनी पिठावर ढकललं, दुसरं हायवेच्या धुळीवर, आणि तिसऱ्या वर्षी बायकोनं सरळ माझ्यावरच ढकललं. "दळणाची रांग लागली की बरा येतो तुम्हाला खोकला," असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पँट कमरेवरून घसरायला लागली, एका सकाळी रुमालावर लाल धागा दिसला, आणि मग तीच मला हाताला धरून बीडला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर फार कमी बोलणारे. पण सगळ्या तपासण्या हातात आल्यावर त्यांनी मला समजेल असं सांगितलं. "हा टीबी नाही. टीबीच्या भावकीतला एक जंतू आहे. मातीत असतो, पाण्यात असतो. बहुतेकांना काही करत नाही. तुमच्या फुप्फुसातल्या नळ्या सैल झाल्यात, तिथं त्याला घर मिळालं. तुमच्यापासून घरात कुणाला होणार नाही."

भावकी म्हटल्यावर मला सगळं कळलं. मारत नाही, सुखानं जगू देत नाही, बांधावरून हटत नाही, आणि तारखा मात्र वर्षानुवर्षं पडत राहतात. औषधाचंही तसंच. रोजच्या तीन-तीन औषधांच्या गोळ्या, आणि थुंकी सलग बारा महिने स्वच्छ येईपर्यंत त्या थांबवायच्या नाहीत. मधे एकदा जरी जंतू सापडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तर अशाच एका मंगळवारी मी ओपीडीबाहेरच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून खोकला गिळत बसलो होतो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून कानापर्यंत मफलर, तोही मे महिन्यात. समोर फरशीवर, भिंतीला टेकून एक बाई बसलेली. साठीची असावी. वाळलेल्या शेंगेसारखं अंग, कपाळावर गोंदण, आणि खांद्यावर काळी घोंगडी. तीही मे महिन्यात. म्हणजे शहाणपणात आम्ही दोघं सारखेच.

"दाबू नगंस," ती म्हणाली. "कावून दाबतूस?"

मी मागं वळून पाहिलं. माझं वय बावन्न, डोक्यावरचे केस मोजता येण्यासारखे. मला एकेरीत बोलणारं माणूस गावात आता फक्त बायकोच्या मनात उरलं होतं.

"तुलाच म्हणते, लेकरा. कोरडा न्हाई तुझा खोकला. आत लई माल हाय. भाईर काढ की त्यो, घरात ठिवून काय करतूस?"

आणि मग तिनं खोकून दाखवलं. आपण खोकतो म्हणजे आपल्याला खोकला येतो. ही बाई खोकला करत होती, जसं कुणी भाकरी करतं. एक हात जमिनीवर टेकवला, खोल श्वास घेतला, थोडा धरला, तोंड उघडं ठेवून दोनदा 'हा, हा' असा वारा सोडला आणि मग एकच घट्ट खोकला. झाकणाच्या डबीत बेडका टाकला, उजेडाकडे धरून नीट पाहिला, झाकण लावलं, पदरानं तोंड पुसलं. काम झालं. लाज नाही, घाई नाही. ओपीडीतली पंधरा माणसं तोंड फिरवून बसली होती, त्यांचं तिला काही नव्हतं. मी मात्र रुमाल खिशात घातला.

सोजरमावशी नारायणगडाच्या पायथ्याकडच्या एका वस्तीवरची. घर मेंढ्या राखणारं. पंधरा वर्षांपूर्वी तिला खरोखरचा टीबी झाला होता, तो बरा झाला, पण जाताना छाती नांगरून गेला. त्या नांगरलेल्या रानात मग ही भावकी शिरली. चार वर्षं ती गोळ्या खात होती. सलग स्वच्छ असे तिचे सगळ्यात जास्त महिने पाच. पाचाच्या पुढं ती कधी गेलीच नाही. थुंकी बाटलीत पेरतात आणि जंतू उगवतो का ते पाहायला सहा-आठ आठवडे थांबतात, हे तिनंच मला सांगितलं. "जल्मात हे एकच बी बघितलं," ती म्हणायची, "जे उगवू नगं म्हणून हात जोडावं लागत्यात."

डॉक्टरांना ती दर वेळी एकच प्रश्न विचारायची. रिपोर्ट कसा आहे, वजन किती, हे नाही. "औंदा वाड्यासंगं जाऊ का?"

वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. दिवाळी झाली की धनगरांची बिऱ्हाडं मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. शे-दोनशे मेंढ्या, पाठीवर संसार लादलेली घोडी, टोपलीतल्या कोंबड्या, कुत्री, लेकरं, सगळं मिळून वाडा. शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखताला. आज या वावरात, चार दिवसांनी पुढच्या. पाऊस तोंडावर आला की परत. सोजरमावशी वाड्यावरच जन्मली होती, वाड्यावरच तिची दोन बाळंतपणं झाली होती. आणि मागच्या दिवाळीला पहिल्यांदा तिच्या मुलानं, लहानूनं, तिला मागं ठेवलं होतं.

"घरी ठुली मला," ती सांगायची, "कुलपासारखी."

तिला काय हवं होतं ते इतकं साधं होतं. बरं व्हायचं होतं असंही ती कधी म्हणाली नाही. तिला चालायचं होतं.

छाती मोकळी कशी करायची हे मला डॉक्टरांच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी चित्रांचा कागद देऊन शिकवलं होतं. चित्रातला माणूस उताणा, पालथा, कुशीवर, डोकं खाली आणि ढुंगण वर असा पडलेला असायचा. मला तो कागद घरात कुठं ठेवावा हेच कळेना. सोजरमावशीनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "हे व्हय? हे तर कोकराचं हाय."

नवं कोकरू कधीकधी जन्मतं ते घुसमटत. नाकातोंडात, छातीत चिकट पाणी. मग मेंढका त्याचे मागचे पाय धरून त्याला उलटं करतो आणि वाटीसारखा हात करून बरगड्या थापतो. पाणी गळतं, कोकरू ओरडतं, आणि त्या ओरडण्यासारखं गोड मावशीला जगात काही वाटायचं नाही. टीबीनंतर छाती भरायला लागली तेव्हा कुणी न सांगता तिनं हेच स्वतःवर केलं होतं. बांधाच्या उतारावर डोकं खाली करून पडायची आणि नातीकडून पाठ थापून घ्यायची. फिजिओच्या बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "जेवल्यावर लगेच करू नका हं, आजी."

मावशी म्हणाली, "कोकरू बी जेवायच्या आदीच उलटं करतो आमी."

मीही घरी सुरू केलं. खाटेच्या पायाखाली चार विटा, डोकं खाली. पहिल्याच दिवशी बायको आत आली, मला तसा लोंबलेला पाहून किंचाळली, आणि शेजारचे तिघं धावत आले. पण त्या सकाळी छातीतून जे बाहेर पडलं ते पाहून मी दिवसभर गिरणीत गाणं म्हणत होतो.

मंगळवारच्या ओपीडीनंतर फाटकाबाहेरच्या लिंबाखाली चहा घ्यायचा, ही पद्धत तिनंच पाडली. पुढं आम्ही ज्याला खोकला मंडळ म्हणायला लागलो ते हेच. युसूफ वडगावचे आबासाहेब त्यात आले. मोठे जमीनदार, एकेकाळी तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार नाव. खोकल्यानं त्यांचं राजकारण संपवलं. सभेत दुसऱ्याच वाक्याला ढास लागायची, आणि विरोधक म्हणायचे, आश्वासन घशात अडकलं. ते गाडीच्या काचा वर करून आतच बसायचे, ड्रायव्हर चहा नेऊन द्यायचा. एका मंगळवारी मावशीनं जाऊन काचेवर टिचकी मारली.

"भाईर या. आत कोंडून घेऊन खोकताय, मग त्योच वारा परत घेताय. मेंढरू बी इतकं येडं नसतंय."

आबासाहेबांना असं बोललेलं माणूस जिल्ह्यात जिवंत असेल तर मला माहीत नाही. त्यांनी आधी काच खाली केली आणि मग उतरले. पुढच्या मंगळवारपासून ते आमच्या आधी लिंबाखाली येऊन बसायला लागले.

आणि कविता. केजजवळच्या खेड्यातली पंचविशीतली मुलगी. सासरच्यांनी टीबी समजून माहेरी आणून सोडलेली. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घेऊन तिचे वडील दोनदा जाऊन आले, उपयोग झाला नव्हता. ती पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन यायची आणि चहा त्यात ओतून घ्यायची. कुणी काही म्हणायच्या आधीच आपण बाजूला व्हायचं, असं तिनं स्वतःला शिकवलेलं. मावशीनं पहिल्या दिवशी ते पाहिलं.  कविताचा चहा अर्धा झाला तसा तिच्या हातातून पेला घेतला, उरलेला चहा सगळ्यांदेखत पिऊन टाकला, पेला विसळला आणि तिच्या पिशवीत घालून पिशवीची गाठ मारली.

"हा आता घरी ठिवून ये," ती म्हणाली.

हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले. उष्टं कुणी कुणाचं प्यायचं नाही, म्हणाले. मावशीनं कानाची पाळी धरली. पण कविताचा पेला पुन्हा लिंबाखाली आला नाही.

दसऱ्याआधी मावशीची चालण्याची परीक्षा झाली. बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात आणि सहा मिनिटं व्हरांड्यात ये-जा करायला लावतात. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. लहानूही आला होता. तिच्या वाड्याचा निकाल या सहा मिनिटांवर होता. ती निघाली ती आमच्या अंदाजापेक्षा बरी. पण व्हरांडा संपला की वळायचं, परत संपला की परत वळायचं. चौथ्या मिनिटाला तिचे ओठ निळसर दिसायला लागले, आणि आकडा चौऱ्याऐंशीवर आला. चाचणी घेणाऱ्यानं थांबवलं.

डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली. लहानू म्हणाला, "माय, वाटंत काय झालं म्हंजी?"

मावशीला बोलायला दम नव्हता. ती भिंतीला धरून उभी राहिली, दम गोळा केला, आणि डॉक्टरांना म्हणाली, "ह्या फरशीवर कोण चालल हो? खाली माती न्हाई, म्होरं मेंढरू न्हाई. माणूस चालल तरी कशापायी?"

 त्या दिवाळीला वाडा तिच्याशिवाय गेला. वाडा निघाला त्या दिवशी ती वस्तीच्या बाहेर येऊन उभीही राहिली नाही, असं लहानूच्या बायकोनं आम्हाला नंतर सांगितलं.

आता माझ्या अकलेची गोष्ट. ती सांगायची नाही असं मी ठरवलं होतं, पण तिच्याशिवाय मावशी पुरी होत नाही.

पुढच्या उन्हाळ्याअखेर माझे नऊ महिने स्वच्छ झाले होते. बारा व्हायला तीन उरलेले. आणि नेमकं त्या आठवड्यात पुन्हा हिरवट यायला लागलं. मी रात्री विचार केला, सकाळी विचार केला आणि मला एक फार हुशार कल्पना सुचली. थुंकीच्या डबीत बेडका द्यायचाच नाही. नुसती तोंडातली लाळ द्यायची. लाळेत जंतू कुठून असणार? रिपोर्ट स्वच्छ, तीन महिन्यांनी गोळ्या बंद. मला स्वतःच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की बीडला जाताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

प्रयोगशाळेच्या खिडकीपुढे रांगेत मावशी माझ्या मागं.

"बघू," ती म्हणाली.

मी डबी दुसऱ्या हातात घेतली.

"बघू म्हणलं न्हवं?" तिनं डबी काढून घेतली आणि उन्हाकडे धरली. आयुष्यभर मेंढ्यांच्या नाकातोंडाकडे पाहून कोणती आजारी ते ओळखणारी बाई ती. "ही लाळ हाय. बेडका कुठंय?"

"मावशी, हळू बोल."

"कुणाला फसवाय निघालास रं? डॉक्टरला? त्यो जाईल दुपारी घरी जेवायला. किडा तुझ्या छातीत हाय, त्याच्या न्हाई."

तिनं खिडकीतून नवी डबी मागून घेतली आणि मला लिंबाकडे नेलं. पाराच्या कट्ट्यावरून डोकं खाली करायला लावलं आणि वाटीसारखा हात करून माझी पाठ थापायला सुरुवात केली. आबासाहेबांनी छडी बगलेत धरून पाहत उभं राहायचं काम केलं. तेवढ्यात आमच्या चौसाळ्याचं एक गिऱ्हाईक तिथून चाललं होतं. त्यानं मला बुटांवरून ओळखलं असावं.

"अहो गिरणीवाले! काय झालं हो?"

"काही नाही, बरं आहे," मी उलट्या तोंडानं म्हणालो. "दळण उद्या घेऊन या."

मफलरचा उपयोग त्या दिवशी संपला. संध्याकाळपर्यंत गावाला सगळं कळलं होतं. आणि दीड महिन्यानं माझ्या डबीतलं बी उगवलं. जंतू परत आला होता. डॉक्टरांनी औषध बदललं. लाळ दिली असती तर मी तीन महिन्यांत गोळ्या सोडून मोकळा झालो असतो आणि आत भावकीनं राज्य केलं असतं. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. मी मावशीला तोंड कसं दाखवावं या विचारात लिंबाखाली गेलो, तर ती म्हणाली, "बरं झालं उगवलं. दिसलं तर उपटता येतंय."

स्वतः कधी पाच महिन्यांच्या पुढं न गेलेली बाई हे म्हणत होती. मी त्यानंतर औषधाबद्दल कुरकुर केलेली नाही. केली असेल तर बायकोपुढं, आणि ती मोजायची नसते.

त्या दिवाळीच्या आधी मावशीनं परत तोच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची जवळ ओढून तिला सगळं समजावलं. वाफेचं मशीन रोज लागणार, त्याला वीज हवी. त्याचे भाग उकळत्या पाण्यातून काढायचे. एक दिवसाआड बोटाचा आकडा पाहायचा आणि कुणीतरी तो डॉक्टरांना फोनवर सांगायचा. "रानात हे कोण करणार, आजी?"

मावशी उठली. लिंबाखाली आली आणि चहा हातात तसाच धरून बसली.  लहानू नखानं जमीन उकरत होता.

आबासाहेबांनी त्याला विचारलं, "यंदा मेंढ्या कुठं कुठं बसवणार?"

"जिथं शेतकरी बोलवल तिथं, मालक."

"मग मी बोलावतो," आबासाहेब म्हणाले. "माझ्या वावरात दहा दिवस. घरी वीज आहे, सून पाणी उकळून देईल. आकडा मी बघतो." पुढं त्यांना आणखी बोलायचं असावं, पण ढास लागली. त्यांचं हे पहिलं आश्वासन की ज्याला विरोधक नव्हते.

"माझी सहा एकर आहे," मी म्हणालो. "गिरणीला लागूनच."

कवितानं स्वतःच्या फाइलमधला कागद काढला, पाठकोरी बाजू वर केली आणि लिहायला लागली. नारायणगडाच्या पायथ्यापासून चौसाळा, तिथून केज, तिचं माहेर, युसूफ वडगाव, आणि मग मांजरेचा काठ. एव्हाना मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपात या वाटेवरच्या गावांतले आणखी पंधरा-वीस जण होते. तिनं तिथंच एकेकाला फोन लावला. "तुमच्याकडे मेंढ्या बसवता का?" असं ती विचारायची आणि पलीकडून आधी खोकल्याचा आवाज यायचा, मग होकार. तासाभरात कागद भरला. पुढच्या सात महिन्यांत वाडा ज्या ज्या वावरात बसणार होता ते प्रत्येक वावर आमच्यातल्याच कुणा खोकणाऱ्याचं होतं.

आम्ही तो कागद घेऊन परत आत गेलो. डॉक्टरांनी गावं वाचली, पुढची नावं वाचली.

"हे सगळे माझे पेशंट आहेत," ते म्हणाले.

"म्हणून तर," आबासाहेब म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. एकच अट घातली. बसल्या जागी आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की वाद न घालता परत.

"गेला की आपणहून गाडीत बसंन," मावशी म्हणाली. "पर वर असंल तवर मला कुणी घरी बस म्हणायचं न्हाई. तुमी बी न्हाई." आणि कुणी मागितला नसताना टेबलावरच्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तिनं तो आपल्या केसपेपरवर उठवला.

वाडा माझ्या वावरात आला त्या दिवसाचा विषय चौसाळ्यात अजून निघतो. सकाळी दळणाला आलेल्या बायांना दाराशी दीडशे मेंढ्या भेटल्या. गिरणीतलं पीठ मावशीच्या छातीला नको म्हणून मी आतून लांब वायर काढून बाभळीखाली नेली, आणि तिथं घोंगडीवर बसून तोंडाला वाफेचा मुखवटा लावलेली मावशी, आणि तिच्याभोवती रवंथ करत बसलेल्या मेंढ्या. माझी बायको, जी पूर्वी माझी ताटवाटी वेगळी घासायची, तिनं पाणी उकळलं, मशीनचे भाग धुतले, आणि मग तिथंच फतकल मारून बसली. दोघींनी मिळून माझी जी काही चेष्टा केली ती मी दळणाच्या आवाजात न ऐकल्यासारखी केली.

तिसऱ्या दिवशी मावशी उठून सरळ आमच्या आळीतल्या शिंप्याच्या घरी गेली. दोन वर्षं तो माणूस खिडक्या लावून झोपत होता. का ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं.

"रातच्याला वावरात ऐकू येतोय तुझा खोकला," तिनं त्याला सांगितलं. "मंगळवारी गिरणीवाल्यासंगं जा."

तो गेला. वाट जिथं जिथं गेली तिथं तिथं असं एखादं माणूस तिनं दाराआडून काढलं. सात महिन्यांत आकडा एकदाही अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला नाही. ती परत आली तेव्हा काळवंडली होती, आणि वजन दोन किलोनं वाढलं होतं. डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला. थुंकी मात्र स्वच्छ नव्हती. ती तिची कधीच होणार नव्हती, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलेलं असावं.

माझे बारा महिने पुढच्या भादव्यात पुरे झाले. गोळ्या थांबल्या. मी पेढे घेऊन तिच्या वस्तीवर गेलो. तिनं माझ्या टकलावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझं रान पडीक ऱ्हावं, लेकरा." शेतकऱ्याच्या पोराला असा आशीर्वाद कुणी दिला नसेल.

दिवाळीनंतर ती पुन्हा वाड्यासंगं निघाली. तोच कागद, तीच वावरं, फक्त नावं वाढलेली. फाल्गुनात एका सकाळी आबासाहेबांचा फोन आला.

"सत्त्याऐंशी. दोनदा बघितला. मशीन बिघडलं की काय म्हणून माझ्या बोटाला लावलं. माझं बरोबर दाखवतंय."

मी शेजाऱ्याची पिकअप घेऊन निघालो. वाटभर बोलणं जुळवत होतो. ती नाही म्हणेल, मग मी अटीची आठवण देईन, मग ती म्हणेल हे डॉक्टरला काय कळतंय, मग मी. तिच्यापुढं मी कधी जिंकलो नव्हतो. युसूफ वडगावला पोहोचलो तेव्हा वाड्याचा मुक्काम हलत होता, घोडी लादून झाली होती. कविता मावशीला भेटायला आदल्या दिवशीच येऊन राहिलेली. मावशी गाठोडं बांधून बांधावर बसली होती.

"आलास? चल," ती म्हणाली आणि उठली.

बस एवढंच. जिनं डॉक्टरला, आबासाहेबांना, लहानूला, मला, कुणाला सोडलं नव्हतं, तिनं त्या आकड्याशी शब्दाचाही वाद घातला नाही. सुनेला कोणत्या दोन मेंढ्या या आठवड्यात विणार ते सांगितलं, हातातली काठी तिच्याकडे दिली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी पिकअप चालू केली.

यानंतर ती वस्तीवर चार महिने होती. मी दोनदा जाऊन आलो. पण ते खाटेवरचं भेटणं मी भेटणं धरत नाही. मी तिला शेवटची पाहिली ती त्या सकाळी.

गाव सोडून वाट मोठ्या रस्त्याला लागते तिथपर्यंत आमचा आणि वाड्याचा रस्ता एकच. "हळू घे, मेंढरांच्या मागं," ती म्हणाली. मी पहिल्या गिअरात घेतलं. मोठ्या रस्त्यावर आम्हाला डावीकडे बीडला वळायचं होतं, आणि मेंढ्यांना रस्ता ओलांडून नदीकडे. उसाचे दिवस. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या डोंगराएवढ्या भरून येत होता.

"थांबव," ती म्हणाली, आणि मी ब्रेक दाबायच्या आत उतरली.

मी हाक मारली. तिनं ऐकलं नाही. रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि ट्रॅक्टरपुढं हात आडवा धरला. ट्रॅक्टर कचकन थांबला. मेंढ्या ओलांडायला लागल्या. शंभर-सव्वाशे पाठी, त्यांच्यामागं घोडी, कुत्री, सून, लहानू. सगळे पलीकडे गेले तसा ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला.

"ओ मावशे, हो की बाजूला! कारखान्यावर नंबर जाईल माझा!"

ती हलली नाही. एक हात गुडघ्यावर टेकवलेला, दुसरा तसाच आडवा. पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. बोलायला दम नव्हता तिला, आणि तो येईपर्यंत ती थांबली. मागं आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवाल्यानं परत हॉर्न दिला, लांब.

"थांब बे," सोजरमावशी म्हणाली. "एक मागं हाय."

आम्ही सगळ्यांनी मागं पाहिलं. आलो त्या वाटेवर, बऱ्याच लांब, एक मेंढी लंगडत येत होती. तिला काही घाई नव्हती. मधे थांबून तिनं बांधावरचं गवतही ओरबाडलं. ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यात उभ्या असलेल्या त्या बाईकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. मागच्या गाड्यांचीही बंद झाली. मेंढी आली. माझ्या पिकअपला वळसा घालून गेली, मावशीच्या लुगड्याला घासून गेली, आणि पलीकडच्या उतारावर कळपात मिसळली.

त्यानंतर तिनं हात खाली घेतला.